यूकेत दोघांनी फिरायचं पण आहे आणि नातेवाईक-मित्रांकडे जायचं पण आहे, तर प्लॅन असा करा

भारतातून यूकेला येणारी बहुतेक जोडपी आधी ठिकाणांची यादी करतात. लंडन, एडिनबरा, लेक डिस्ट्रिक्ट, स्टोनहेंज, सगळं बुक करून टाकतात आणि मग आठवतं की मावसभाऊ लेस्टरला आहे, कॉलेजची मैत्रीण मँचेस्टरला आहे, बाबांचे जुने मित्र रेडिंगला आहेत, आणि मग या सगळ्यांना मधल्या फटींमध्ये कोंबायची धडपड सुरू होते. इकडची माणसं नोकरी, मुलांची शाळा, स्विमिंगचे क्लास, आठवड्याची खरेदी यात पार अडकलेली असतात, त्यांचा मोकळा वेळ म्हणजे शनिवार-रविवार, आणि तोसुद्धा महिनाभर आधी भरून जातो. स्टोनहेंज मंगळवारीही तिथेच असतं, मावसभाऊ मंगळवारी ऑफिसात असतो. त्यामुळे आधी माणसांच्या तारखा पक्क्या करायच्या आणि ठिकाणं नंतर. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी ना कोणी येत असतंच आणि आम्ही दोघंही इकडे-तिकडे लोकांकडे जात असतो, तर दोन्ही बाजूंनी जे बघितलंय ते पायरी-पायरीने लिहितोय.

पायरी १: माणसांची यादी, आणि तीही दोघांनी मिळून

एका संध्याकाळी दोघांनी बसून नावं लिहा. तिच्याकडची, त्याच्याकडची, दोघांचे कॉमन मित्र. मग प्रत्येक नावापुढे लिहा की इथे राहायला जायचंय, की जेवायला, की नुसती बाहेर कॉफी. या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की ट्रिप हातातून जाते, कारण कॉफीवर भागणाऱ्या माणसाकडे आपण दोन रात्री राहतो आणि जिच्याकडे खरंच चार दिवस राहायचं होतं तिला अर्धा दिवस मिळतो.

आता नाजूक विषय. माहेरच्यांकडे तीन रात्री तर सासरच्यांकडेही तीनच रात्री, असा हिशोब बरेच जण करतात. माझं स्पष्ट मत, हा हिशोब करू नका. रात्री अंतरावरून आणि घरातल्या जागेवरून ठरवा. लंडनच्या जवळच्या घरात आठवडाभर मुक्काम ठेवणं सोयीचं असेल तर ठेवा, ते घर कोणाकडचं आहे याने काय फरक पडतो. दुसऱ्या बाजूच्यांना एक अख्खा दिवस नीट द्या, त्यांच्याबरोबर कुठेतरी बाहेर जा, त्याने जास्त समाधान होतं. आणि हे इथे यायच्या आधी घरी बोलून घ्या, लोकांच्या हॉलमध्ये बसून कुजबुजत नको.

पायरी २: व्हिसा

स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर इतकं काटेकोर धरून चालू नका. नवरा-बायकोचे अर्ज वेगवेगळे, फी वेगळी, बोटांचे ठसेही वेगळे द्यायचे. ज्यांच्याकडे मुख्य मुक्काम आहे त्यांचं साधं पत्र घ्या, त्यात तुम्ही त्यांचे कोण, कधीपासून कधीपर्यंत राहणार, राहण्याचा खर्च कोण करणार हे लिहिलेलं असावं, आणि सोबत त्यांच्या पत्त्याचा नि इथल्या वास्तव्याचा पुरावा. तुमचे स्वतःचे बँकेचे कागद, नोकरीचे किंवा पेन्शनचे कागद तर लागतातच. दोघांच्या अर्जातल्या तारखा आणि पत्ता एकमेकांशी जुळतायत ना हे एकदा शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट भरपूर लोकांना शेवटच्या क्षणी कळते. यूके शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. 'एवढं आलोय तर युरोस्टारने पॅरिस करून येऊ' हे शेंगेन व्हिसाशिवाय होत नाही.

पायरी ३: कॅलेंडर

तिकीट काढायच्या आधी होस्टला दोन प्रश्न विचारा: मुलांच्या शाळेला सुट्टी कधी आहे, आणि तुमची स्वतःची सुट्टी कधी आहे. इंग्लंडात शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबर उजाडेपर्यंत असते, स्कॉटलंडात ती जूनच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टच्या मध्याला संपते. शिवाय फेब्रुवारी, मे आणि ऑक्टोबरमध्ये हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली साधारण आठवडाभराची सुट्टी. सुट्टीत मुलांबरोबर मजा येते हे खरं, पण तेव्हा हॉटेलं महाग आणि सगळीकडे गर्दी, आणि कित्येक मराठी घरं त्याच काळात स्वतः भारतात गेलेली असतात! मे आणि जूनची सुरुवात मला सगळ्यात बरी वाटते, उजेड भरपूर, जूनमध्ये तर लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, म्हणजे होस्ट ऑफिसमधून आल्यावरही सगळ्यांना मिळून बाहेर पडता येतं. डिसेंबरात हाच सूर्य चारच्या आधी गुल होतो. २५ डिसेंबरला तर ट्रेन नाही, ट्यूब (लंडनची मेट्रो) नाही, काहीच नाही, त्या दिवशी ज्यांच्या घरी असाल तिथेच राहायचं.

मे महिन्यात पहिला आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असतो, इंग्लंडात ऑगस्टचाही शेवटचा सोमवार. हे तीन दिवसांचे वीकेंड लांबच्या मित्रांकडे जायला उत्तम, फक्त त्याच वीकेंडला रुळांची कामं काढायची रेल्वेला भारी हौस आहे. ट्रेनच्या जागी रिप्लेसमेंट बस येते आणि दोन तासांचा प्रवास चार तासांचा होतो. नॅशनल रेलच्या साइटवर ही कामं आधी दिसतात, बघूनच तारीख द्या.

साचा साधारण असा ठेवा: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार माणसांचे, सोमवार ते गुरुवार तुम्हा दोघांचे. आणि दर आठवड्याला निदान एक रात्र कोणाच्याच घरी नको, हॉटेलात. प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज असलं साधं चालतं. सलग दोन आठवडे दुसऱ्यांच्या घरी हळू आवाजात बोलून माणसं एकमेकांवर चिडायला लागतात, हे मी बऱ्याच जोडप्यांमध्ये बघितलंय. एडिनबरात राहणार असाल तर २४ जुलै २०२६ पासून तिथे मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींवर ५ टक्के पर्यटक कर आहे, तो धरून चाला, आणि ऑगस्टमधल्या फेस्टिवलात तिथल्या खोल्यांचे भाव बघूनच घाम फुटतो.

पायरी ४: बॅगेत काय आणायचं, काय नाही

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर, घरचं तूप, सगळं घरीच ठेवा, काकूंनी कितीही प्रेमाने डबा भरला तरी. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, कोरड्या चटण्या आणा, आणि दिवाळीनंतर येत असाल तर दिवाळी अंक. इकडे अंकाची किंमत मिठाईपेक्षा जास्त आहे, खरंच. रोजची औषधं मूळ पाकिटातच आणा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. रोख रक्कम १०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर जाहीर करावी लागते, आणि एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम मिळून मोजतात, त्यामुळे दोघांत निम्मी-निम्मी वाटून काही साधत नाही.

प्रवासाचा विमा घ्याच. व्हिजिटरला इथल्या सरकारी हॉस्पिटलात ए अँड ईमध्ये (अपघात आणि तातडीच्या विभागात) तातडीचा उपचार फुकट मिळतो, पण अ‍ॅडमिट केलं की बिल लागतं, आणि ते एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) स्वतःच्या दराच्या दीडपट. जिवावरचं असेल तर ९९९, नुसता सल्ला हवा असेल तर १११, हे दोन्ही नंबर दोघांच्या फोनमध्ये पाहिजेत.

पायरी ५: ट्रेन, आणि दोघांसाठीचं ते कार्ड

दोघंच फिरणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड ही चीज तुमच्यासाठीच बनवलीय. ३५ पौंड वर्षाला, कार्डावर दोघांची नावं आणि फोटो, आणि दोघं एकत्र प्रवास करत असाल तर तिकिटावर एक तृतीयांश सूट. लग्नाचं सर्टिफिकेट वगैरे कोणी मागत नाही, दोन मित्रांनाही मिळतं. हिशोब सोपा आहे, दोघांची मिळून १०५ पौंडांची तिकिटं झाली की कार्डाचे पैसे वसूल, आणि लंडन-एडिनबरा जाऊन आलात तर बहुतेक एकाच फेरीत होतात. अटी दोन. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, आणि पूर्ण प्रवासात दोघंही सोबत पाहिजेत. तिला डोकं दुखतंय म्हणून ती घरी थांबली आणि तो एकटाच त्या तिकिटावर निघाला तर चालणार नाही. दोघंही ६० च्या वरचे असाल आणि अधूनमधून वेगवेगळं फिरायची शक्यता असेल तर त्यापेक्षा प्रत्येकाचं सीनियर रेलकार्ड घ्या.

साडेनऊची अट मला तर सोयीचीच वाटते. सकाळी सात ते नऊ होस्टच्या घरात धुमाकूळ चालू असतो, मुलांचे डबे, एकच बाथरूम, कोणाची तरी मीटिंग, त्या वेळेत पाहुण्यांनी अंथरुणात पडून राहणं हीच मोठी मदत असते.

लांबच्या प्रवासाची अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी निघतात, ती स्वस्त असतात पण त्याच ट्रेनला चालतात, चुकली की गेली. रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढली तर बुकिंग फी लागत नाही, काही अ‍ॅपवाले लावतात. शुक्रवारी दुपारनंतर लंडनमधून बाहेर पडणाऱ्या गाड्या गच्च असतात, जमलं तर सकाळी अकराच्या आसपासची घ्या. किंग्ज क्रॉसहून एडिनबराला सव्वाचार-साडेचार तास लागतात, जाताना उजव्या हाताची सीट मागा, डरहॅमचं कॅथीड्रल आणि पुढे बेरिकजवळचा समुद्र त्याच बाजूला दिसतो. गाडीला उशीर झाला तर डिले रीपे मिळतं, काही कंपन्या १५ मिनिटांपासून देतात, काही ३० पासून, २८ दिवसांच्या आत ऑनलाइन मागायचं, फक्त तिकिटाचा फोटो जपून ठेवा.

आणि मोठ्या सूटकेस घेऊन गावोगाव हिंडू नका. ट्रेनमध्ये सामान ठेवायची जागा बेताचीच, जुन्या स्टेशनांवर जिने, वर होस्टच्या घरी अरुंद जिना चढून बॉक्सरूमपर्यंत (घरातली सगळ्यात छोटी खोली) न्यायची. मोठ्या बॅगा पहिल्या होस्टकडे ठेवून द्या आणि दोन लहान बॅगांवर फिरा. कपडे कुठेही धुता येतात.

लंडनमध्ये ट्यूब आणि बसला कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करायचं. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाचं फोनवालं रूप टॅप केलं तर सिस्टिमला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. त्यामुळे दिवसभर एकच वस्तू वापरा, म्हणजे दिवसाची कमाल मर्यादाही नीट लागू होते. बसमध्ये फक्त चढताना टॅप, रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. लंडनबाहेर इंग्लंडात बहुतेक बसचं सिंगल तिकीट मार्च २०२७ पर्यंत जास्तीत जास्त ३ पौंड आहे, लहान गावातल्या मित्राकडे जायला ही बस फार उपयोगी.

गाडी भाड्याने घ्यायचीच असेल तर ती लेक डिस्ट्रिक्ट, कॉट्सवोल्ड्स किंवा स्कॉटिश हायलँड्ससाठी घ्या, शहरात नको. भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून १२ महिने चालवता येते. दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात, ते आधी विचारा. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि वेल्समध्ये शिरलात की वस्तीत मर्यादा बहुतेक ताशी २० मैल. होस्टच्या घरासमोर पार्क करायच्या आधी परमिट लागतं का ते विचारा, दंड गाडीवाल्या कंपनीकडे जातो आणि तिकडून वर हँडलिंग चार्ज लावून तुमच्याकडे येतो.

पायरी ६: लोकांच्या घरी राहताना

पोचायची आणि निघायची वेळ दोन्ही सांगा. 'शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत येतो, रविवारी जेवून तीनच्या ट्रेनने निघतो.' होस्टला निघायची वेळ कळली की तोही निवांत होतो. 'बघू, ठरवू' हे ऐकायला मोकळंढाकळं वाटतं पण त्या बिचाऱ्याला सोमवारी ऑफिस असतं.

बाथरूमबद्दल कोणीच सांगत नाही म्हणून सांगतो. इथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते. टबात उभं राहून आंघोळ करायची आणि पडद्याचं टोक टबच्या आत सोडायचं, बाहेर राहिलं तर पाणी फरशीवर, तिथून खाली झिरपतं आणि हॉलच्या छतावर पिवळा डाग येतो. बादली-मगने आंघोळ करायची असेल तर तीही टबातच. लाइट बऱ्याचदा दोरी ओढून लागतो. भारतातला प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर दोन आणा, आणि सॉकेटला स्वतःचं बटण असतं ते चालू आहे का बघा, नाहीतर सकाळी दोघांचे फोन मेलेले.

स्वयंपाकात मदत जरूर करा, पण फोडणी द्यायच्या आधी एक्झॉस्ट लावा आणि किचनचं दार बंद करा. स्मोक अलार्मला मोहरी-हिंगाचं वावडं आहे, तो वाजला की घरातलं एक माणूस खुर्चीवर चढून टॉवेल हलवत बसतं. हीटिंगच्या थर्मोस्टॅटला न विचारता हात लावू नका, थंडी वाजली तर सरळ जास्तीचं पांघरूण मागा, कोणी नाही म्हणत नाही. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात आणि प्रत्येक कौन्सिलचे (स्थानिक नगरपालिकेचे) नियम वेगळे, तेही विचारून घ्या.

पैशांचं: होस्टशी प्रत्येक बिलावर झोंबाझोंबी करण्यापेक्षा एक अख्खी आउटिंग तुमची म्हणून आधीच जाहीर करा, तिकिटं तुम्हीच ऑनलाइन काढून ठेवा, विषय संपला. रेस्टॉरंटच्या बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

पायरी ७: सगळ्यांना घरी जाऊन भेटायलाच पाहिजे असं नाही

दोन शहरांच्या मधे भेटा. तुम्ही लंडनला, मित्र बर्मिंगहॅमला, तर ऑक्सफर्डला दोन्हीकडून थेट ट्रेन आहे, दिवसभर कॉलेजं बघत गप्पा मारा आणि संध्याकाळी आपापल्या गाड्या पकडा. उत्तरेकडची मंडळी जमवायची असतील तर यॉर्क. लंडनहून दोन तास, एडिनबराहून अडीच, लीड्सहून अर्ध्या तासाच्या आत, आणि स्टेशनाशेजारीच नॅशनल रेल्वे म्युझियम, फुकट, त्यामुळे सोबत लहान मुलं असतील तर त्यांची सोय होते. यजमानीण बाईंनाही स्वयंपाकातून सुट्टी, ही बाजू लोक विसरतात.

लंडनमध्ये होस्टला सोबत घेऊन जायचं असेल तर टॉवर ऑफ लंडन नको, त्याने ते प्रत्येक पाहुण्याबरोबर पाहिलंय. त्यापेक्षा हा अर्धा दिवस सुचवा. ट्यूबने चॉक फार्मला उतरा, तिथून चालत '१०, किंग हेन्रीज रोड' या पत्त्यावर जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना या घरात राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. तिथून प्रिमरोझ हिलवर चढा, अख्खं लंडन समोर दिसतं, डबा खायला झकास जागा. मग परत चॉक फार्म, एक स्टेशन कॅमडेन टाउन, तिथे नॉर्दर्न लाइनचीच दुसरी फांदी पकडून आर्चवे किंवा हायगेट. ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू हे पूर्वीचं इंडिया हाउस (भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह), बाहेर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. घर खासगी आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायचं, बेल वाजवायची नाही. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुमारास आलात तर डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम बघा, हे मंडळ १९३२ पासून चालू आहे, आणि जे पाच-सहा ओळखीचे एकेकट्याने भेटायचे राहिलेत ते तिथे एकाच संध्याकाळी भेटून जातात.

सोमवार ते गुरुवारच्या तुमच्या दिवसांत ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), सायन्स म्युझियम ठेवा, कायमस्वरूपी दालनं सगळीकडे फुकट आहेत, थकलात तर अर्ध्यात बाहेर पडायला जिवावर येत नाही.

पायरी ८: निघताना

शेवटच्या दोन रात्री विमानतळाजवळच्या घरी ठेवा, एडिनबराहून थेट हीथ्रोला त्याच दिवशी यायचं धाडस करू नका. मोठ्या बॅगा तिथेच असतील तर उत्तम, वजन आदल्या रात्री करा. होस्ट सोडायला येणार असेल तर हीथ्रोच्या टर्मिनलसमोर ड्रॉप-ऑफचे पैसे लागतात आणि तिथे बूथ वगैरे काही नसतं, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन भरावे लागतात. तुम्हाला सोडून तो घाईत ऑफिसला पळतो आणि नंतर दंडाची चिठ्ठी त्याच्याच घरी येते, त्यामुळे गाडीतून उतरायच्या आधी गाडीचा नंबर टाकून ते पैसे तुमच्या फोनवरून भरून टाका. नाहीतर मध्य लंडनच्या बाजूने येत असाल तर सरळ एलिझाबेथ लाइन घ्या, पॅडिंग्टनहून अर्ध्या तासात हीथ्रो. खोलीतल्या चादरी-उशांचे अभ्रे काढून मशीनपाशी ठेवा, आणि उशीर झालेल्या ट्रेनचा क्लेम राहिला असेल तर तो विमानात बसायच्या आधी टाका.